युगांडाला निघताना, आणि परत आल्यावर

पूर्वी आपल्या भागातला कोणी परदेशी निघाला म्हणजे तो दुबईला तरी निघालेला असे, नाहीतर अमेरिकेला. आता तसे राहिले नाही. साखर कारखान्यातले फिटर आणि पॅनमन, बोअरवेलच्या गाडीवरचे ऑपरेटर, औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी, हिशेबनीस अशी मंडळी आफ्रिकेत जाऊ लागली आहेत आणि त्यात युगांडाचे नाव वारंवार कानावर येते. त्यांच्यामागून सहा-आठ महिन्यांनी आईवडील 'पोराचा संसार बघून येऊ' म्हणून पंधरा दिवसांसाठी निघतात. तिकीट झालेले असते, बॅगेत लोणच्याची बरणी बसलेली असते, आणि निघायच्या आदल्या दिवशी दवाखान्यात येऊन विचारतात, "डॉक्टर, तिकडे काही गोळी-इंजेक्शन घ्यावं लागतं का हो?"

घ्यावे लागते. पण आदल्या दिवशी विचारून त्यातले निम्मे हातचे गेलेले असते. निघण्यापूर्वी निदान चार ते सहा आठवडे आधी डॉक्टरांची गाठ घ्यावी. का, ते पुढे येईलच.

आधी त्या देशाविषयी थोडे. विषुववृत्त युगांडातूनच जाते. कंपाला या राजधानीहून मसाका शहराकडे जाताना कायाब्वे नावाच्या गावी रस्त्यावरच त्याची खूण केलेली आहे आणि तिथे उभे राहून सगळेच फोटो काढतात. विषुववृत्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भट्टी येते. प्रत्यक्षात कंपाला समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षा थोडेच खाली. दिवसा हवा सुखद, रात्री गारवा. नैऋत्येकडच्या कबाले भागात तर चांगली थंडी वाजते. तेव्हा एक स्वेटर न्यावाच. उन मात्र फसवे असते. हवा गार असल्याने चटका जाणवत नाही, पण सूर्य डोक्यावर असतो आणि दोन तासांत मान भाजून निघते. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. मोठा पाऊस वर्षातून दोनदा येतो, साधारण मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर.

आपल्या लोकांचे त्या देशाशी नाते जुने आहे. लुगाझीचा साखर कारखाना नानजी कालिदास मेहता यांनी १९२४ साली काढला, काकिराचा मुळजीभाई माधवानी यांनी १९३० साली. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, ही गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. नंतरच्या राजवटीने त्यांना परत बोलावले, १९९० च्या दशकात अनेकांच्या मालमत्ताही परत केल्या. आज कंपालात तूरडाळ मिळते, हिंग मिळतो. लोणच्याची बरणी नेली नाही तरी चालेल. त्या जागी मी सांगतो त्या वस्तू न्या.

पिवळा ताप आणि पिवळे कार्ड

पहिली गोष्ट पिवळ्या तापाची लस, म्हणजे यलो फीव्हरची. ही ऐच्छिक नाही. एक वर्षावरील प्रत्येक प्रवाशाकडे तिचे प्रमाणपत्र असल्याशिवाय युगांडात प्रवेश नाही. व्हिसाचा अर्ज ऑनलाईन भरतानाही हे कार्ड जोडावे लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते. शनिवारी लस आणि सोमवारी विमान, असे चालत नाही.

ही लस आमच्यासारखे खाजगी डॉक्टर देऊ शकत नाहीत. केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच ती मिळते. मुंबईत विमानतळाचे आणि बंदराचे आरोग्य कार्यालय अशी केंद्रे आहेत. राज्यातल्या इतर केंद्रांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे असते. केंद्रांवर ठराविक वारीच लस देतात, आधी नाव नोंदवावे लागते आणि जाताना पासपोर्ट बरोबर लागतो, कारण त्याचा क्रमांक कार्डावर चढतो. एकदा घेतलेली लस आता जन्मभर चालते. पूर्वी दर दहा वर्षांनी पुन्हा घ्यावी लागे, तो नियम जुलै २०१६ पासून गेला. जुने कार्ड असेल तर फेकू नका, तेच चालेल.

ही जिवंत, पण दुबळ्या केलेल्या विषाणूची लस आहे. त्यामुळे गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, कॅन्सरची औषधे किंवा मोठ्या मात्रेत स्टिरॉईड घेणारे, यांनी ती परस्पर घेऊ नये. साठीच्या पुढच्या मंडळींनीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या वृद्धांत गंभीर त्रास क्वचित, पण तरुणांपेक्षा जास्त दिसतो. आईवडिलांना बोलावणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

"लस न टोचता कार्ड करून देतो" असे सांगणारे एजंट भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. पिवळ्या तापावर नेमके औषध नाही आणि ज्या रुग्णांना कावीळ होऊन रक्तस्राव सुरू होतो त्यांतले जवळजवळ निम्मे दगावतात. शिवाय हे कार्ड परत येतानाही लागते. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास मात्र घरोघरी आहे, तोच तो डेंग्यूचा डास. एखादा रुग्ण आला तर इथे आग लागायला वेळ लागणार नाही. म्हणून कार्ड नसलेल्या माणसाला विमानतळावर अडवतात आणि तो देश सोडल्यापासून सहा दिवस पूर्ण होईपर्यंत वेगळे ठेवतात. घरची माणसे गाडी घेऊन बाहेर उभी, आणि पाहुणा आत.

मलेरिया: ओळखीचा वाटतो, पण तो हा नव्हे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. युगांडाला जाणाऱ्याच्या जिवाला खरा धोका सिंहाचा नाही, इबोलाचाही फारसा नाही. तो मलेरियाचा आहे.

हे सांगितले की आपला माणूस हसतो. "डॉक्टर, मलेरिया काय आम्हाला नवीन आहे? लहानपणी दोनदा झाला होता." इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे पुष्कळांना होणारा मलेरिया व्हायव्हॅक्स जातीचा असतो. थंडी वाजून ताप येतो, माणूस हैराण होतो, गोळ्यांनी बरा होतो, जिवावर सहसा बेतत नाही. युगांडातला मलेरिया जवळजवळ सगळा फॅल्सिपेरम जातीचा. या जातीचे जंतू असलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि मेंदूचा, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अडवतात. सकाळी ताप आणि डोकेदुखी म्हणून चालत दवाखान्यात गेलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बेशुद्ध होऊ शकतो. तिथली मोठी माणसे लहानपणापासून वारंवार हा आजार काढून थोडीफार कणखर झालेली असतात, तरीही तिथे लहान मुले आणि गरोदर बायका त्याने मरतात. आपल्या अंगात तेवढीही प्रतिकारशक्ती नसते. लहानपणी इथे दोनदा झालेला मलेरिया तिथे कामाला येत नाही.

म्हणून प्रतिबंधक गोळी घ्यायची. जुन्या पिढीला ठाऊक असलेली क्लोरोक्विन तिथे निरुपयोगी आहे, तिथल्या जंतूंनी तिला केव्हाच दाद देणे सोडले. सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा सल्ला डॉक्सिसायक्लिनचा आहे. १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल रोज, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून, तिथे असेपर्यंत आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे. ती जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून छातीत विलक्षण जळजळ होते. तिच्यामुळे उन्हाने त्वचा लवकर भाजते, हे आणखी एक कारण टोपीचे. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ती चालत नाही.

त्याहून लांब मुक्कामासाठी मेफ्लोक्विन. आठवड्याला एक गोळी, पण ती निदान दोन आठवडे आधी सुरू करायची आणि परत आल्यावर तीही चार आठवडे. ज्यांना पूर्वी नैराश्य, फिट्स किंवा मनाचा कोणताही आजार झाला असेल त्यांना ही अजिबात नको. इतरांनाही क्वचित भयंकर स्वप्ने पडतात, झोप उडते. दोन आठवडे आधी सुरू करण्याचा एक फायदा हाच, की काही बाधले तर ते घरी कळते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही तिसरी गोळी आहे. ती परत आल्यावर फक्त सात दिवस घ्यावी लागते आणि अंगालाही बरी मानवते, पण महाग पडते. कोणती गोळी कोणाला, हे डॉक्टरांनीच ठरवावे. हा लेख कापून औषधाच्या दुकानात दाखवू नये. गरोदर स्त्रीने शक्य असेल तर तो प्रवास पुढे ढकलावा, हे माझे स्पष्ट मत.

गोळी घेतली म्हणून डास चावू द्यायचे असे नाही. कोणतीच गोळी शंभर टक्के राखण करीत नाही. मलेरियाचा डास रात्रीचा, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. अंधार पडायच्या आत पूर्ण बाह्या, पायमोजे आणि उघड्या अंगावर डास पळवणारे मलम. झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी, आणि ती गादीखाली नीट खोचलेली. कॉटवर टांगून ठेवलेल्या, पण दोन बाजूंनी उघड्या मच्छरदाण्या मी आपल्याकडेही फार पाहतो. लिक्विडचे मशीन नेणार असाल तर ध्यानात ठेवा, तिथला प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो. ॲडॉप्टर नसेल तर मशीन बॅगेतच राहते.

वर्षानुवर्षे तिथे राहणारे लोक हळूहळू गोळी सोडून देतात. ते मी समजू शकतो. पण मग एक नियम पाळावा, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचे. युगांडातले साधे दवाखानेही या कामात पटाईत आहेत. मलेरिया निघाला तर आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिनचा तीन दिवसांचा कोर्स देतात. त्या गोळ्या काहीतरी स्निग्ध खाऊन किंवा दुधाबरोबर घ्यायच्या, म्हणजे अंगी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी पुऱ्या करायच्या.

गोळ्यांच्या वेळेवरून एक गंमत सांगतो. तिथे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपासच मावळतो. त्यामुळे स्थानिक लोक तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला, आठ म्हणजे दोन. आपल्या जुन्या घटका-प्रहरांच्या मोजणीसारखेच हे. तेव्हा गावातल्या औषधवाल्याने "दोन वाजता गोळी घ्या" म्हटले तर कोणते दोन, हे विचारून घ्यावे.

नाईलमध्ये पाय बुडवू नका

जिंजा शहराजवळ व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी निघते. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश तिथेही विसर्जित करण्यात आला, आणि तिथे गांधीजींचा अर्धपुतळा आहे. आपला माणूस तिथे गेला म्हणजे हात जोडतो, चपला काढतो आणि पाण्यात उतरतो. नदीचा उगम दिसला की पाय बुडवायचे, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायचे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. नेमके तेच तिथे करायचे नाही.

या पाण्यात एक छोटी गोगलगाय राहते आणि तिच्या पोटातून बिलहार्झिया नावाच्या कृमीची सूक्ष्म पिल्ले बाहेर पडतात. ती पाण्यात तरंगत असतात आणि माणसाची कातडी सापडली की काही मिनिटांत आत शिरतात. दुखत नाही, रक्त येत नाही, फार तर थोडी खाज येते. दोन ते आठ आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्त उठल्यासारखे चट्टे. आणि तेव्हाही कळले नाही तर कृमी आतड्याच्या, यकृताच्या किंवा मूत्राशयाच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे अंडी घालीत राहतात.

हा आजार आपल्याला अगदीच परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणारे रुग्ण सापडले आणि तो बिलहार्झियाचाच एक प्रकार आहे, हे १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी दाखवून दिले. भारतात या आजाराचे जे एक ठाणे वैद्यकीय पुस्तकांत नोंदले गेले, ते हे आपले कोकणातले गाव. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी मात्र असली शेकडो गावे आहेत.

तेव्हा नमस्कार काठावरूनच करावा. नावेतून फिरायला हरकत नाही. हॉटेलच्या क्लोरीन घातलेल्या तलावात पोहायलाही हरकत नाही. चुकून पाण्यात पडलात तर लगेच कोरड्या टॉवेलने खसखसून अंग पुसा, पण त्यावर विसंबू नका. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. प्राझिक्वान्टेल नावाचे साधे औषध आहे, त्याने कृमी मरतात. शोधले तर मरतात, एवढेच.

कपड्यांविषयी एक इशारा, कारण हा कोणी देत नाही. तिथे एक माशी दोरीवर वाळणाऱ्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते. ते कपडे घातले की अळी कातडीत शिरते आणि आठवड्याभरात गळवासारखा फोड येतो. फोडात काहीतरी हलते आहे असे रुग्ण सांगतो, आणि खरेच हलत असते. म्हणून बाहेर वाळलेला प्रत्येक कपडा, बनियन आणि लंगोटसुद्धा, दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करूनच घालावा. आणि अनवाणी चालू नये. मातीतली एक पिसू पायाच्या बोटांत घुसून घर करते.

खाण्यापिण्याची आबाळ होत नाही. शाकाहारी माणसाला तर युगांडा सोयीचा. कच्च्या केळ्यांचा वाफवलेला गोळा, त्याला माटोके म्हणतात, मक्याच्या पिठाचा पोशो, घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची दाट आमटी. चपाती तर तिथे आपल्याच लोकांनी नेली आणि ती आता त्यांची झाली. चपातीत अंड्याचे ऑम्लेट गुंडाळून रस्त्याच्या कडेला विकतात, त्याला गमतीने 'रोलेक्स' म्हणतात. तव्यावरून थेट हातात आले तर खुशाल खा. कापून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर, बर्फ आणि नळाचे पाणी टाळा. पाणी खळखळून उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतले. ओआरएसची दहा पाकिटे न्या. जुलाब झाले तर आधी ती, अँटिबायोटिक लगेच नको. पण जुलाबाबरोबर ताप असला तर तिथे मलेरियाची तपासणी करायचीच. फॅल्सिपेरम कित्येकदा उलट्या-जुलाबांचे सोंग घेऊन येतो.

टायफॉईड, धनुर्वात आणि कावीळ-ब या लसी पूर्ण आहेत का ते पाहून घ्या. कुत्रे किंवा माकड चावले तर पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हा नियम तिथे आणि इथे सारखाच.

मधुमेह-रक्तदाबवाल्यांनी पूर्ण मुक्कामाची औषधे आणि वर आठवडाभराची जास्त, हातातल्या बॅगेत ठेवावीत. इन्शुलिन सामानात टाकू नये. बॅग हरवली तर इन्शुलिनही गेले. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी आणि तीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कंपनीचे नाव तिथे कोणी ओळखीलच असे नाही. वेळेचा फरक फक्त अडीच तासांचा असल्यामुळे मात्रेत फार उलथापालथ करावी लागत नाही.

आता बोडा-बोडा. ही तिथली मोटारसायकलची टॅक्सी. केनियाच्या सरहद्दीवर प्रवाशांना या 'बॉर्डर'हून त्या 'बॉर्डर'ला पोचवणाऱ्या सायकलींवरून हे नाव पडले म्हणतात. मागे एक, कधी दोन प्रवासी, डोक्यावर काही नाही, आणि गाडी ट्रकांच्या फटीतून काढायची. आपल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही, हीच अडचण. हेल्मेट नसेल तर बसू नका आणि रात्री महामार्गाने प्रवास करू नका. प्रवासी विमा घ्या आणि त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का ते वाचून घ्या. डोक्याला मार लागून खेड्यातल्या रस्त्यावर पडलेल्या माणसाला मोठे इस्पितळ गाठायला तास लागतात.

एकटे राहणाऱ्या पुरुषांसाठी चार शब्द, ते लाजून चालणार नाहीत. युगांडात प्रौढ लोकांत शंभरांत साधारण पाच जणांना एचआयव्हीची लागण आहे. त्या देशाने या आजाराशी उघडपणे आणि धैर्याने लढा दिला, त्याचे कौतुक आहे. पण दोन वर्षे बायकोपासून दूर राहणाऱ्या माणसाने आपल्या मनाची खात्री धरू नये. निरोध जवळ असावा. चूक घडलीच तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे, प्रतिबंधक औषधे मिळतात. सुया-सिरिंज नव्या कोऱ्याच वापरल्या जात आहेत ना, हे पाहावे.

आणि इबोला? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. युगांडात त्याच्या साथी आल्या आहेत, २००० साली गुलू भागात, २०२२ मध्ये मुबेंडेत, २०२५ च्या सुरुवातीला खुद्द कंपालात. २००० च्या साथीत रुग्णांची सेवा करताना गुलूच्या लाकोर इस्पितळाचे डॉ. मॅथ्यू लुक्विया यांना लागण झाली आणि ते गेले. आमच्या पेशातल्या माणसाने ते नाव विसरू नये. हा आजार हवेतून उडत येत नाही. रुग्णाच्या किंवा मृताच्या अंगातल्या स्रावांशी प्रत्यक्ष संपर्क लागतो. सामान्य पाहुण्याला धोका थोडा. निघण्यापूर्वी साथीची बातमी पाहावी, रानातले मांस खाऊ नये, अनोळखी अंत्यविधीत प्रेताला हात लावू नये आणि वटवाघळांच्या गुहेत शिरू नये. पर्यटकांना दाखवल्या जाणाऱ्या अशाच एका गुहेत जाऊन आलेली एक डच बाई २००८ साली इबोलाच्याच कुळातल्या मारबर्ग तापाने दगावली.

ब्विंडीच्या जंगलात गोरिला पाहायला जाणाऱ्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे सर्दी-खोकला असेल तर आत सोडत नाहीत, कारण आपली सर्दी गोरिलांना बाधते. चढ मोठा असतो आणि चिखल फार. गुडघे दुखणाऱ्यांनी ओझ्यासाठी हमाल करावा, लाजू नये.

परत आल्यावर

इतके सगळे पाळून माणूस घरी येतो. पेढे वाटले जातात. गोळी दुसऱ्या दिवशीपासून बंद होते, कारण "आता कुठे आफ्रिकेत आहोत?" माझ्या मते सगळ्या प्रवासातला धोक्याचा काळ इथून सुरू होतो.

मलेरियाचा जंतू डासाने सोडला की आधी यकृतात दबा धरून बसतो. निदान सात दिवस, बहुधा दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त. निघण्याच्या आदल्या रात्री एंटेब्बेच्या विमानतळाजवळ चावलेल्या डासाचा ताप इथे, आपल्या ओसरीवर येतो. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन चार आठवडे चालू ठेवायची ती याचसाठी. यकृतातून बाहेर पडणाऱ्या जंतूंना रक्तात औषध वाट पाहत असले पाहिजे.

शेजारच्या तालुक्यातला एक तरुण, तिकडच्या साखर कारखान्यात फिटर, बहिणीच्या लग्नाला म्हणून आला होता. गोळी घेतच नव्हता. आल्यानंतर नवव्या दिवशी ताप आला. घर पाहुण्यांनी भरलेले. सगळ्यांनी ठरवले की दगदग झाली, जागरणे झाली. गावातल्या एका दवाखान्यात दोन सलाईन लावली गेली, तापाचे इंजेक्शन दिले. त्या सुमारास डेंग्यूची साथ होती, पेशी कमी निघाल्या, म्हणून डेंग्यू ठरला. फॅल्सिपेरममध्येही पेशी कमी होतात. पाचव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी चहासारखी आणि तो असंबद्ध बोलू लागला तेव्हा माझ्याकडे आणले. कुठे असतोस, हा प्रश्न मी त्याच्या आईला विचारला. ती म्हणाली, "आफ्रिकेत असतो ना, परवाच आलाय." पाच दिवसांत हे कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितले नव्हते. रक्ताच्या काचेवर फॅल्सिपेरमचे जंतू खच्चून भरलेले होते. आर्टेसुनेटची पहिली सुई देऊन त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. चार वेळा डायलिसिस लागले. वाचला, पण तीन आठवडे इस्पितळात काढून, आणि बहिणीचे लग्न त्याने पाहिले नाही.

त्या पहिल्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. पण समोर पन्नास रुग्ण तापाचे असताना, ज्याने आफ्रिकेचे नाव काढले नाही त्याच्या बाबतीत कोणाचाही असाच समज होईल. म्हणून रुग्णाने स्वतः बोलले पाहिजे. परत आल्यापासून तीन महिन्यांत कधीही ताप आला, मग तो कितीही साधा वाटो, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिले वाक्य हे: "मी युगांडाहून अमुक तारखेला आलोय." घरच्यांनाही हे पढवून ठेवा, कारण रुग्ण स्वतः सांगण्याच्या अवस्थेत असेलच असे नाही. गोळ्या नियमित घेतल्या असतील तरीही सांगा.

आणि रक्त त्याच दिवशी तपासा, उद्या सकाळी उपाशीपोटी वगैरे नाही. मलेरियाच्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही, ताप चढण्याची वाट पाहावी लागत नाही. पहिली तपासणी कोरी आली म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीला जंतू थोडे असतात आणि काचेवर सापडत नाहीत. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा, आणि ताप टिकला तर तिसऱ्यांदा तपासायचे. लॅबवाल्याला सांगायचे की फॅल्सिपेरम शोधा, आफ्रिकेचा रुग्ण आहे. तो मग काच दोन मिनिटे जास्त पाहतो. मलेरिया नाही असे पक्के ठरल्यावर टायफॉईड, डेंग्यू आणि पाण्यात उतरला असाल तर बिलहार्झिया यांचा विचार करायचा. ती माहिती डॉक्टरांना आपणहून द्यावी.

आल्याच्या दिवशीच कालनिर्णयावर दोन तारखांना खूण करून ठेवा. एक चार आठवड्यांनंतरची, शेवटच्या गोळीची. दुसरी तीन महिन्यांनंतरची. त्या दुसऱ्या तारखेपर्यंत घरातल्या कोणाही प्रवाशाला ताप आला तर रात्र असली तरी दार वाजवा.